पर्थेस आजार : दोन तज्ज्ञ, एकच एक्स-रे आणि दोन उलट सल्ले

कोरा_कागद

आमच्या साडेसात वर्षांच्या मुलाला उजव्या खुब्याचा पर्थेस आजार असल्याचे निदान नुकतेच झाले आहे. दिवसभर खेळून झाल्यावर संध्याकाळी तो पाय किंचित ओढत चालायचा आणि सकाळी पुन्हा ठीक असायचा, त्यामुळे हे नेमके कधी सुरू झाले ते घरात कोणालाच सांगता येत नाही. त्याची स्वतःची फारशी तक्रार नाही. मात्र मांडी घालून बसला की डावा गुडघा जमिनीला टेकतो आणि उजवा वीतभर वर राहतो, हे एकदा लक्षात आल्यापासून आता सारखे तेच दिसते.

आम्ही दोन अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. पहिल्यांनी सांगितले की धावणे आणि उड्या मारणे बंद ठेवा, व्यायाम करा, तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढू. दुसऱ्यांच्या मते शस्त्रक्रिया करावी आणि ती लांबवू नये. दोघेही अनुभवी आहेत, दोघांनी तोच एक्स-रे पाहिला आणि दोघेही आपापल्या मतावर ठाम होते. माझे प्रश्न दोन आहेत. हा आजार मुळात काय आहे, हे कोणी नीट समजावून सांगेल का? आणि नुसते थांबणे हा खरोखर उपचार असतो, की हाती काही नसले की त्यालाच ते नाव देतात?

हाडवैरी

सदस्यनाम काहीही असले तरी मी हाडांचाच डॉक्टर आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. तुमच्या मुलाने काय करावे हे मात्र त्याला न तपासता मी सांगणार नाही, आणि इथे कोणी सांगितले तर ते तुम्ही ऐकू नये.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते आणि ते कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरते. साधारण चार ते आठ या वयात या गोलाचा रक्तपुरवठा मोठ्या माणसासारखा अनेक बाजूंनी होत नाही. गोलाच्या खाली हाड वाढवणारी कूर्चेची पट्टी असते आणि ती ओलांडून खालच्या रक्तवाहिन्या वर येऊ शकत नाहीत. म्हणून सगळी भिस्त गोलाखालच्या अरुंद भागाच्या, म्हणजे हाडाच्या मानेच्या, मागच्या व बाहेरच्या बाजूने चढणाऱ्या काही बारीक वाहिन्यांवर असते. पर्थेस आजारात हा पुरवठा खंडित होतो आणि गोलातले हाड काही अंशी किंवा पूर्णपणे मृत होते. त्यावरची कूर्चा सांध्यातल्या द्रवावर पोसली जात असल्यामुळे जिवंत राहते, किंबहुना जाड होते.

यानंतर जे घडते त्यात आशा आणि धोका दोन्ही आहेत. रक्तपुरवठा परत येतो, शरीर मृत हाड काढून टाकते आणि त्या जागी नवे हाड घालते. हे औषधाविना, आपोआप आणि जवळजवळ प्रत्येक मुलात होते. अडचण इतकीच की हाड काढण्याचे काम ते भरण्याच्या कामापेक्षा आधी आणि वेगाने होते, आणि त्या मधल्या काळात गोल मऊ असतो. तो खोबणीत पूर्ण बसलेला राहिला तर ओल्या मातीला साच्याचा आकार यावा तसा गोलच राहतो. बाहेर सरकला तर खोबणीच्या कडेखाली दबून चपटा होतो आणि पुढे त्याच आकारात घट्ट होतो.

क्रमाने पाहिले तर आधी मृत हाड एक्स-रेवर दाट व लहान दिसते, मग त्याचे तुकडे झाल्यासारखे दिसतात, मग नवे हाड भरते आणि शेवटी आकार कायम होतो. तुकड्यांचा टप्पा साधारण वर्षभर चालतो, नवे हाड भरायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि सगळे मिळून दोन ते पाच वर्षे जातात.

शंकेखोर

उत्तम माहिती. पण पुरवठा मुळात खंडित का होतो? पडल्यामुळे, कॅल्शियम कमी असल्यामुळे, की आनुवंशिक? आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, त्यांच्या मते जगातला प्रत्येक आजार चुकीच्या उशीमुळे होतो. त्यांना विचारण्याआधी इथे विचारलेले बरे.

निळी_शाई

उशी निर्दोष आहे. कॅल्शियमही. या मुलांच्या रक्ताच्या तपासण्या सहसा अगदी सर्वसामान्य येतात आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा आजार टळत किंवा लवकर बरा होत नाही.

नेमके कारण अजून सापडलेले नाही, पण काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसून आल्या आहेत. मुलांमध्ये तो मुलींच्या चार ते पाच पट आढळतो. या मुलांच्या हाडांचे वय जन्मवयाच्या मागे असते, त्यामुळे ती बऱ्याचदा वर्गात लहानखुरी दिसतात, आणि त्यांतली पुष्कळ मुले विलक्षण चळवळी असतात. घरात कोणी धूम्रपान करत असेल, तर त्या धुराशीही संबंध आढळला आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या गरीब वस्त्यांत प्रमाण जास्त आढळले आणि परिस्थिती सुधारली तसे ते घटत गेले, यावरून लहानपणीच्या परिस्थितीचा काहीतरी हात असावा असे मानतात. रक्त गोठण्याच्या दोषांवर बरेच लिहिले गेले, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काही मोजक्या कुटुंबांत कोलॅजन या कूर्चेतल्या प्रथिनाच्या एका जनुकातला बदल सापडला आहे. बहुतेक कुटुंबांत मात्र दुसरा रुग्ण नसतो, तेव्हा धाकट्या भावंडांची काळजी करत बसू नये.

एक तांत्रिक बाब सांगते. दहा ते पंधरा टक्के मुलांत दोन्ही खुबे बाधित होतात, पण ते सहसा पुढेमागे. दोन्ही बाजू एकाच वेळी आणि अगदी सारख्या दिसत असतील, तर थायरॉइडची कमतरता किंवा हाडांच्या टोकांच्या वाढीचा जन्मजात दोष आधी तपासावा लागतो. सिकलसेल आजारात आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या मुलांतही खुब्याचा गोल असाच मरतो, पण त्याला पर्थेस म्हणत नाहीत आणि त्याचा मार्ग वेगळा असतो.

पायवाट

आमच्या मुलीच्या बाबतीत निदानालाच कित्येक महिने लागले, कारण ती सारखी गुडघा दुखतो असे सांगत होती. गुडघ्याचा एक्स-रे निघाला, तो स्वच्छ आला, वाढीच्या वेदना असतील असे ऐकून आम्ही घरी परतलो, मग गुडघ्याला पट्टा आला, मलम आले. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी तिला उताणे झोपवले, गुडघा वाकवून पाय आतल्या बाजूला वळवून पाहिला आणि तो वळेचना. गुडघ्याला त्यांनी हातही लावला नाही. खुब्याचा एक्स-रे काढताच सगळे समोर आले.

हाडवैरी

खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला संवेदना पोहोचवणारी एक नस समाईक आहे, त्यामुळे दुखणे खुब्यात असते आणि मूल बोट गुडघ्यावर ठेवते. गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक मुलाचा खुबा तपासलाच पाहिजे, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात.

शंकेखोर

मग पहिल्या वर्षाला तास बुडवणारे बरेच असावेत.

सरळमार्गी

मला या चर्चेचा सूर थोडा जास्तच सौम्य वाटतो. माझ्या भाच्याला पाचव्या वर्षी हाच आजार झाला, लगेच शस्त्रक्रिया केली आणि आज तो महाविद्यालयाच्या संघातून खेळतो. थांबा म्हणणे डॉक्टरांना सोपे असते, कारण परिणाम दहा वर्षांनी दिसतो आणि तोवर कोणी विचारायला येत नाही. हाड मऊ असतानाच आकार राखायचा हे तुम्हीच म्हणता, मग वाट कसली पाहायची?

हाडवैरी

भाचा खेळतो आहे याचा आनंद आहे, पण त्याच्या उदाहरणावरून काहीच सिद्ध होत नाही. पाचव्या वर्षी सुरू झालेला आजार बहुतेक मुलांत शस्त्रक्रिया न करताही चांगला भरून येतो, कारण गोलाला पुन्हा घडायला पुढे दहा वर्षांची वाढ शिल्लक असते आणि खोबणही त्याच्यासोबत घडत जाते. म्हणजे पाच वर्षांच्या मुलांत थांबलेलेही जिंकतात आणि कापलेलेही. याउलट दहाव्या वर्षी आजार सुरू झाला, तर वाढ फारशी उरलेली नसते आणि सर्व काही करूनही निकाल मध्यम येऊ शकतो. या आजारात वयाइतके वजन दुसऱ्या कशालाच नाही. मधल्या वयातल्या मुलांचा प्रश्न खरा अवघड असतो, आणि धागाकर्त्यांचा मुलगा नेमका तिथे आहे.

मध्यमवयीन

मी स्वतः या आजारातून गेलो आहे. वयाच्या सहाव्या वर्षी निदान झाले आणि दोन्ही पाय फाकवून ठेवणारा धातूचा व चामड्याचा पट्टा कमरेला बसला. दरवाजातून सरळ जाता येत नसे, तिरके व्हावे लागे. वर्गात माझ्यासाठी बाकाचे टोक राखून ठेवलेले असे, आणि लपाछपीत मला शोधायला कोणालाही कष्ट पडत नसत, कारण मी हललो की बिजागऱ्या वाजत.

पुढे मोठेपणी वाचले तेव्हा समजले की आधीच्या पिढ्यांना याहून वाईट भोगावे लागले होते. गोलावर भार येऊ द्यायचा नाही या समजुतीने मुलांना महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, अंथरुणाला खिळवून ठेवत. नुसता भार काढून आकार वाचत नाही हे उमगल्यावर पट्टे आले, आणि 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असे दिसले की पट्टा वापरणाऱ्या मुलांचे निकाल अपेक्षेइतके चांगले नाहीत. आज ते पट्टे बहुतेक ठिकाणी मागे पडले आहेत. माझा उजवा पाय थोडा आखूड आहे, खुबा पूर्ण आत वळत नाही, आणि मी रोज चालतो. लांब चढावर दुखते.

जुनी_पाने

मध्यमवयीन यांनी इतिहासाचे दार उघडलेच आहे म्हणून भर घालतो. 1895 मध्ये रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले, त्याआधी लंगडणाऱ्या मुलाचा खुबा म्हणजे क्षयच समजला जाई आणि उपचारही क्षयाचेच होत. एक्स-रे आल्यावर असे दिसू लागले की यांतल्या काही मुलांना ताप नाही, पू नाही, प्रकृती उत्तम आहे आणि हाड काही वर्षांत आपले आपण भरते आहे. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी 1909 मध्ये अशा मुलांचे वर्णन केले, पण कारण क्षय हेच धरले. पुढच्याच वर्षी, 1910 मध्ये, अमेरिकेत बॉस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थेस या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा वेगळा आजार असल्याचे मांडले. काल्व्हे हाडांच्या क्षयासाठी प्रसिद्ध असलेल्या बेर्क या समुद्रकाठच्या गावी काम करत, म्हणजे रोज क्षयाचे खुबे पाहणाऱ्या माणसालाच हे खुबे निराळे वाटले. तिघांची नावे जोडून आजाराला नाव पडले आणि बिचारे वाल्डेनस्ट्रॉम उरले ते एक्स-रेवरच्या टप्प्यांच्या वर्गीकरणात.

फिरता_पंखा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोल खोबणीत राहायचा असेल तर पाय बाजूला उघडला पाहिजे आणि आत वळला पाहिजे. नेमक्या याच दोन हालचाली पर्थेसमध्ये आधी जातात, कारण सांध्याला सूज येते आणि मांडीच्या आतले स्नायू आखडतात. म्हणून व्यायामाचा भर ताकदीवर कमी आणि या हालचाली टिकवण्यावर जास्त असतो. मूल उताणे झोपलेले असताना दुसरा पाय स्थिर धरून बाधित पाय हळूहळू बाजूला न्यायचा. कंबर तिरकी झाली तर पाय उघडला असा भास होतो, प्रत्यक्षात खुबा हललेलाच नसतो, आणि घरी व्यायाम घेताना पालक इथेच फसतात. दुखत असताना जोर लावायचा नाही.

पोहणे आणि सायकल या दोन गोष्टींना बहुतेक डॉक्टर परवानगी देतात. दुखणे वाढले तर काही दिवस विश्रांती, डॉक्टरांनी सांगितलेले सूज उतरवणारे औषध आणि गरजेप्रमाणे कुबड्या. त्याहून लांब सक्तीची विश्रांती दिली तर सांधा आणखी आखडतो, मूल जाड होते आणि चिडते.

कोरा_कागद

सर्वांचे आभार. अहवालात तुकड्यांचा टप्पा नुकताच सुरू झाल्याचे लिहिले आहे, आणि दोन्ही डॉक्टर बाहेरच्या स्तंभाविषयी बोलत होते. हा स्तंभ म्हणजे काय, आणि त्यावर इतके काय अवलंबून आहे?

हाडवैरी

आता आपण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी आलो.

समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये गोलाचे आतला, मधला आणि बाहेरचा असे तीन उभे भाग कल्पायचे. बाहेरचा भाग म्हणजेच तो स्तंभ, तो खांबासारखा भार पेलतो आणि मधल्या कोसळलेल्या भागाला सांभाळतो. त्याची उंची पूर्ण राहिली तर गट ए, निम्म्याहून जास्त राहिली तर बी, निम्म्याहून कमी उरली तर सी, आणि बी व सी यांच्या सीमेवरचा एक गट वेगळा मानतात. हेरिंग या अस्थिरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या अनेक केंद्रांतल्या मुलांचा वाढ पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा केला आणि 2004 मध्ये निष्कर्ष मांडले. आजार आठ वर्षांनंतर सुरू झाला असेल आणि गट बी किंवा सीमेवरचा असेल, तर शस्त्रक्रियेचा फायदा होतो. आठच्या आत गट बी असेल, तर शस्त्रक्रिया केली काय आणि न केली काय, निकाल चांगलाच येतो. गट सी मध्ये दुर्दैवाने काहीही केले तरी फारसा फरक दिसला नाही.

नॉर्वेत 368 मुलांचा पाच वर्षे पाठपुरावा झाला आणि तो अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सीमारेषा सहा वर्षांवर आली. सहाच्या पुढच्या ज्या मुलांत गोलाचा निम्म्याहून जास्त भाग मृत झाला होता, त्यांच्यात मांडीचे हाड कापून गोल खोबणीच्या आत वळवण्याच्या शस्त्रक्रियेने व्यायाम किंवा पट्ट्यापेक्षा चांगला गोल मिळाला. आता साडेसात वर्षांचा मुलगा या दोन अभ्यासांच्या मध्ये उभा करा. एकाने पाहिले तर थांबणे योग्य, दुसऱ्याने पाहिले तर शस्त्रक्रिया योग्य. तुमच्या दोन्ही डॉक्टरांपैकी कोणीही हवेत बोलत नव्हते.

याहून मोठी पंचाईत वेळेची आहे. बाहेरचा स्तंभ किती कोसळणार हे तुकड्यांचा टप्पा बराच पुढे सरकल्यावर खात्रीने कळते, आणि गोल खोबणीत बसवण्याचा उपाय मात्र त्या टप्प्याच्या सुरुवातीलाच, गोल चपटा होण्याआधी, सर्वांत उपयोगी पडतो. खात्री होईपर्यंत थांबावे तर संधी हुकते, आधीच कापावे तर ज्याला गरज नव्हती अशा मुलालाही कापले जाते. एमआरआयवर रक्तपुरवठा किती उरला आहे हे लवकर दिसते आणि त्यावरून अंदाज बांधण्याचे काम अलीकडे वाढले आहे, पण तो अजून सर्वांचा एकमताचा निकष झालेला नाही.

निळी_शाई

वयाविषयी एक गोष्ट जोडते. हिशेबात धरायचे वय हे आजार सुरू झाला तेव्हाचे असते, निदान झाले तेव्हाचे नव्हे. लंगडणे बरेच आधी सुरू झाले असेल, तर कागदावरचे साडेसात प्रत्यक्षात सात किंवा त्याहून कमीही असू शकेल. जुने व्हिडिओ काढून त्याची चाल पाहा, डॉक्टरांनाही दाखवा.

सरळमार्गी

वयाचा मुद्दा पटला. तरीही पुढे पश्चात्ताप नको म्हणून माझा कल शस्त्रक्रियेकडेच राहील. थांबून बिघडले तर आईवडील स्वतःला दोष देतात, करून बिघडले तर निदान प्रयत्न केला असे म्हणता येते.

मध्यमवयीन

पश्चात्ताप आईवडिलांचा आणि कापला जाणारा पाय मुलाचा, हा हिशेब मला कधीच जमला नाही. मांडीचे हाड कापून वळवले की पाय थोडा आखूड होतो, काही काळ चाल डुलती राहते आणि हाड धरून ठेवणारी धातूची पट्टी व स्क्रू काढायला बऱ्याचदा पुन्हा भूल द्यावी लागते. गरज असेल तर हे सगळे अवश्य करावे. स्वतःच्या मनाची समजूत काढण्यासाठी करू नये.

हाडवैरी

दोघांनाही एक आठवण. खुबा आखडलेला असताना कोणतीही हाडाची शस्त्रक्रिया चांगली साधत नाही. पाय बाजूला उघडतच नसेल, तर आधी मांडीच्या आतला आखडलेला स्नायूबंध सैल करून दोन्ही पाय फाकवलेल्या स्थितीत काही आठवडे प्लास्टर घालतात, दोन प्लास्टरांच्या मध्ये आडवी काठी असते. हालचाल परत आली की मग पुढचा विचार.

आणि कोणी लंगडणाऱ्या मुलासाठी हा धागा शोधत आला असेल, तर त्याच्यासाठी. ताप आहे आणि मूल पाय टेकवतच नाही, तर सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दहा ते पंधराच्या दरम्यानचे, बहुधा वजनदार मूल मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणत लंगडत असेल, तर गोल वाढीच्या पट्टीवरून घसरलेला असू शकतो. त्याला चालू देऊ नये, तातडीने एक्स-रे काढावा. सर्दीतापानंतर येणारी खुब्याची साधी सूज एक-दोन आठवड्यांत ओसरते. ती ओसरली नाही, तर पहिला एक्स-रे चांगला आला होता म्हणून स्वस्थ बसू नये, कारण पर्थेसच्या अगदी सुरुवातीला एक्स-रेवर काहीच दिसत नाही.

पायवाट

गुडघ्याचा मुद्दा आणि हा शेवटचा परिच्छेद संपादकांनी धाग्याच्या माथ्यावर डकवावा, अशी विनंती.

कोरा_कागद

दोघांनाही पुन्हा भेटून आलो. या वेळी मी त्यांना शस्त्रक्रिया करावी की नाही हे विचारलेच नाही. तुमचे मत कशामुळे बदलेल, एवढेच विचारले. पहिले म्हणाले की बाहेरच्या स्तंभाची उंची निम्म्यावर आली, गोल खोबणीबाहेर सरकताना दिसला किंवा व्यायाम करूनही पाय बाजूला उघडेनासा झाला, तर ते स्वतःच शस्त्रक्रिया सुचवतील. दुसऱ्यांनी मुलाचा पाय पुन्हा उघडून पाहिला. त्यांना मुख्य चिंता आखडण्याची होती, आणि हालचाल परत आली, स्तंभही टिकून राहिला, तर तेही थांबायला तयार आहेत. आम्ही रोजचे व्यायाम सुरू केले आहेत आणि पुढचा एक्स-रे ठरलेल्या तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांनी काढण्यावर दोघांचे एकमत झाले.

मुलाने शाळेतल्या धावण्याच्या स्पर्धेविषयी विचारले. नाही म्हटल्यावर त्याने पोहण्याच्या स्पर्धा कधी असतात ते विचारून घेतले.

फिरता_पंखा

एक्स-रे दर वेळी त्याच दोन स्थितींत काढून घ्या, एक समोरून आणि एक बेडकासारखे पाय फाकवून. कंबर तिरकी असली तर स्तंभाची उंची चुकीची दिसते, आणि सहा आठवड्यांतला बारीक फरक त्या तिरकेपणात हरवतो. आधीची सर्व चित्रे मूळ स्वरूपात सोबत न्या, मोबाइलवर काढलेले त्यांचे फोटो चालत नाहीत.